आजारी मांजराचं पथ्य

म्हातारं मांजर हळूहळू जास्त पाणी पिऊ लागतं, लिटर ट्रेमधल्या मातीचे गोळे मोठे होतात, पाठीचा कणा हाताला लागू लागतो. रक्ताचा रिपोर्ट येतो, डॉक्टर म्हणतात, ‘किडनीचा त्रास सुरू झालाय, खाणं बदलावं लागेल,’ आणि गोळ्यांबरोबर ‘रीनल’ असं लिहिलेली एक पिशवी हातात देतात. तिची किंमत नेहमीच्या खाण्यापेक्षा बरीच जास्त असते. घरी मांजर ते हुंगतं, वाडग्याभोवतीची फरशी पंजाने उकरून झाकून टाकल्यासारखं करतं आणि निघून जातं. मग घरात चर्चा सुरू होते. हे खरंच लागतं का? आणि मांजर तोंडच लावत नसेल तर करायचं काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: लागतं. दुसऱ्याला वेळ लागेल आणि या लेखातली बरीच जागाही तोच घेणार आहे. पथ्याचं खाणं हे औषधच आहे, पण पोटात गेलं तरच. आणि मांजर हा प्राणीच असा, की त्याला उपाशी ठेवून कुठलंही पथ्य पाळता येत नाही.

अशा खाण्याची सुरुवात एका कुत्र्यापासून झाली. १९३९ साली अमेरिकेत मार्क मॉरिस या पशुवैद्याने एका अंध गृहस्थाच्या ‘बडी’ नावाच्या वाटाड्या कुत्र्यासाठी, त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ लागल्यावर, वेगळं खाणं बेतलं. १९४८पासून कॅन्सासमधली एक कंपनी ते डबाबंद करून विकू लागली. मांजरांच्या बाबतीत भक्कम पुरावा यायला मात्र बराच काळ जावा लागला. २००० साली इंग्लंडमधल्या इलियट आणि सहकाऱ्यांचा ५० मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पथ्याचं खाणं घेणाऱ्या मांजरांचं निदानानंतरचं मध्यक आयुष्य ६३३ दिवस निघालं, न घेणाऱ्यांचं २६४ दिवस. हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. दुसऱ्या गटात मुळात पथ्याला तोंड न लावणारी मांजरं होती, त्यामुळे सगळं श्रेय खाण्याला देता येत नाही. ती शंका २००६च्या मिनेसोटा विद्यापीठातल्या अभ्यासाने बरीचशी दूर केली. तिथे ४५ मांजरांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले आणि दोन वर्षं पाहिलं. साधं खाणं खाणाऱ्या गटात सुमारे एक चतुर्थांश मांजरांना रक्तात विषारी द्रव्यं साठून गंभीर झटका आला. पथ्याच्या गटात एकालाही आला नाही. मांजरांच्या आजारांत इतका स्पष्ट फरक दाखवणारे उपाय फार थोडे आहेत, म्हणून मी या खाण्याच्या बाजूने इतक्या ठामपणे बोलते.

या पिशवीत असतं काय? सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जे कमी असतं ते, फॉस्फरस. आजारी मूत्रपिंडाला फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही, तो रक्तात साठतो, त्यामुळे शरीरातली हाडं-कॅल्शियमची व्यवस्था बिघडते आणि मूत्रपिंड आणखी लवकर खराब होतं. म्हणून फॉस्फरस कमी केलेला असतो. प्रथिनं थोडी कमी, पण चांगल्या प्रतीची असतात. पोटॅशियम आणि बी गटातली जीवनसत्त्वं वाढवलेली असतात, कारण जास्त लघवीबरोबर ती वाहून जातात. माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं घातलेली असतात आणि थोड्या घासांत जास्त ऊर्जा मिळावी म्हणून चरबी जास्त असते.

‘किडनीचं पथ्य म्हणजे मटण-चिकन बंद’ असा समज आपल्याकडे पक्का आहे. माणसाच्या पथ्यावरून तो आलेला असतो. त्यापोटी कित्येक घरांत आजारी मांजराला दूध-पोळी किंवा दहीभात सुरू होतो. हे करू नका. मांजर पक्कं मांसाहारी आहे. प्रथिनं मिळाली नाहीत तरी त्याचं शरीर ती जाळणं थांबवत नाही, मग स्वतःचेच स्नायू जाळायला घेतं. शिवाय दुधात फॉस्फरस भरपूर असतो आणि मोठ्या मांजरांना ते बहुतेकदा पचतही नाही.

कधी सुरू करायचं, हे डॉक्टर क्रिएटिनिन पाहून ठरवतात. आंतरराष्ट्रीय पद्धतीत आजाराच्या चार पायऱ्या मानतात. क्रिएटिनिन १.६ ते २.८ असेल तर दुसरी पायरी, ५च्या वर गेलं की चौथी. साधारणपणे दुसऱ्या पायरीपासून पथ्याचा फायदा दिसतो. ‘आधीपासूनच दिलेलं बरं’ म्हणून धडधाकट तरुण मांजराला किंवा पिल्लाला हे खाणं घालू नये. वाढीला लागणारी द्रव्यंच त्यात कमी असतात.

वाडगा पुढे ठेवताना

आता मांजर खात नाही तेव्हा काय करायचं ते पाहू. माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान इथल्या घाईमुळे होतं.

मांजराला मळमळत असताना, सलाईन चालू असताना किंवा दवाखान्याच्या पिंजऱ्यात बसलेलं असताना नवं खाणं कधीही पुढे ठेवू नका. त्या वासाची आणि त्या त्रासाची सांगड त्याच्या डोक्यात बसते आणि मग बरं वाटू लागल्यावरही ते त्या खाण्याकडे वळत नाही. आधी उलट्या थांबू द्या, मांजर आपल्या नेहमीच्या जागी येऊन झोपू लागू द्या, नेहमीचं खाणं चवीने खाऊ द्या. त्यात आठवडा गेला तरी चालेल. मूत्रपिंडाचा जुनाट आजार वर्षानुवर्षं चालतो, त्यात एका आठवड्याने काही बिघडत नाही.

मग नवं खाणं वेगळ्या ताटलीत, जुन्याच्या शेजारी ठेवा, अगदी चार-पाच दाणे. खाल्ले तर उत्तम, नाही तर तासाभराने उचलून घ्या. दोन-तीन दिवसांनी मांजर त्या ताटलीकडे संशयाने पाहणं सोडतं. त्यानंतर जुन्या खाण्यात थोडं-थोडं मिसळायला घ्या. दहात एक भाग, मग दोन. एखादी पायरी मांजराने नाकारली तर मागच्या पायरीवर या आणि तिथेच काही दिवस थांबा. पिशवीवर ‘सात दिवसांत बदला’ असं लिहिलेलं असतं. पण आयुष्यभर एकाच चवीचं खाल्लेल्या दहा-बारा वर्षांच्या मांजराला महिना-दीड महिनाही लागू शकतो, तो द्यावा.

ओलं खाणं फ्रिजमधून काढून तसंच पुढे ठेवू नये. वाटी गरम पाण्यात धरून ते अंगाइतकं कोमट केलं की वास सुटतो, आणि मांजर जिभेपेक्षा नाकाने खातं. मिश्यांना कडा लागणार नाहीत अशी पसरट बशी घ्या. कोरडं आवडत नसेल तर त्याच प्रकारचं ओलं घेऊन पाहा, एका कंपनीचं नको असेल तर दुसरीचं पाहा. चमचाभर चिकनचं पाणी वर घालायचं असेल तर डॉक्टरांना विचारून घाला आणि ते पाणी मीठ, कांदा, लसूण न घालता उकळलेलं हवं. कांदा-लसणीने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्यासाठी केलेल्या रश्शातलं किंवा सुपातलं थोडंसं काढून देणं हेही त्यातच आलं.

आणि भूक लागली की झक मारत खाईल, हा विचार मनातून काढून टाका. कुत्र्याच्या बाबतीत तो एखादवेळी चालून जातो. मांजराने, त्यातही जाड मांजराने, दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर शरीरातली चरबी यकृताकडे धावते, तिथे साचते आणि यकृत बंद पडू लागतं. हा आजार जिवावर बेततो. पूर्ण एक दिवस मांजराने काहीच खाल्लं नाही तर जे खाईल ते द्या, अगदी जुनं खाणंही, आणि डॉक्टरांना फोन करा. मळमळ थांबवणारी आणि भूक वाढवणारी औषधं मांजरांसाठी आहेत. ती मागायला संकोच करू नका.

घरच्या वजनकाट्यावर मांजराला घेऊन उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि फरक लिहून ठेवा, दर आठवड्याला, त्याच दिवशी. हा काटा जरा ढोबळ असतो, लहान बाळांचा काटा मिळाला तर जास्त चांगला. चार किलोच्या मांजराचे दोनशे ग्रॅम कमी होणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो उतरणं. नजरेला ते दिसत नाही, वहीत दिसतं.

बोक्याची लघवी

‘युरिनरी’ लिहिलेल्या खाण्याबद्दल बोलण्याआधी एक इशारा. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, मूत्रमार्ग चाटत राहतो आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर त्याला बद्धकोष्ठ झालं असेल असं समजून थांबू नका. लघवी तुंबली आहे. पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. ही वेळ खाणं बदलण्याची नाही, रात्र असली तरी दवाखाना गाठण्याची आहे.

ती वेळ टळली किंवा आली नाही, तर खाण्याचा खरा उपयोग सुरू होतो. मांजरांत मुख्यतः दोन प्रकारचे खडे होतात. स्ट्रुव्हाइट हा मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा खडा पथ्याच्या खाण्याने विरघळतो, बऱ्याचदा काही आठवड्यांतच. या खाण्याने लघवी आम्लधर्मी आणि पातळ होते. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा मात्र कुठल्याही खाण्याने विरघळत नाही, तो काढावाच लागतो. म्हणून लघवीची तपासणी आणि एक्स-रे झाल्याशिवाय ‘शेजारच्या बोक्याला याने बरं वाटलं’ म्हणून तीच पिशवी आणण्यात अर्थ नाही. खडा विरघळत असताना त्या खाण्याशिवाय दुसरा घास नको. मांदेलीचं एक डोकंसुद्धा नाही.

कित्येक मांजरांना खडा नसतोच. मूत्राशयाला सूज येते, लघवीत रक्त दिसतं आणि कारण सापडत नाही. अशा मांजरांना ताण सोसत नाही: घराला रंग काढला, पाहुणे आले, नवं मांजर आलं की त्रास उलटतो. यांना सगळ्यांत जास्त उपयोग पाण्याचा होतो. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं, ओल्यात पंचाहत्तर ते ऐंशी. मांजर आपण होऊन पाणी कमी पितं, म्हणून ते खाण्यातूनच पोटात जायला हवं. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब ठेवा.

मधुमेह, खाज आणि थायरॉइड

मधुमेही मांजराला भरपूर प्रथिनं आणि अगदी कमी पिष्ट असलेलं खाणं लागतं. लवकर निदान झालं, इन्शुलिन वेळेवर सुरू झालं आणि खाणं बदललं तर काही मांजरांचं इन्शुलिन पुढे बंदही करता येतं. माणसांत क्वचित दिसणारी ही गोष्ट मांजरांत बरेचदा घडते. पण म्हणूनच सावध राहावं लागतं. खाणं बदलताच साखर वेगाने उतरू शकते आणि जुन्याच मात्रेचं इन्शुलिन टोचत राहिलात तर मांजर लटपटतं, आडवं होतं. खाणं कोणत्या दिवशी बदलणार, हे डॉक्टरांना आधी सांगा. अशी वेळ आलीच तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि लगेच दवाखान्यात न्या.

मानेवर, कानांपुढे खपल्या येईपर्यंत खाजवणाऱ्या मांजराला कधीकधी खाण्याची ॲलर्जी असते. मांजरांत ती बहुधा बीफ, मासळी किंवा चिकनची असते. मुंबईत आणि कोकणात मांजर मासळीवरच वाढतं, तरी ‘लहानपणापासून खातंय, मग आता कसली ॲलर्जी’ हा युक्तिवाद चालत नाही, कारण ॲलर्जी वर्षानुवर्षं खाल्लेल्या गोष्टीचीच होते. ती ओळखायला प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेलं खाणं निदान आठ आठवडे द्यावं लागतं, आणि फक्त तेच. जंताची चवदार गोळी, माशाच्या तेलाची कॅप्सूल, दुपारी आजीने भरवलेला बांगड्याचा तुकडा, यांतल्या कशानेही सगळा काळ वाया जातो. खाज थांबली की जुनं खाणं पुन्हा देऊन पाहतात. खाज परत आली तर निदान पक्कं.

थायरॉइड वाढलेल्या मांजरासाठी आयोडीन अत्यंत कमी असलेलं खाणं मिळतं. बाहेर भटकणाऱ्या, कोळणीच्या टोपलीशी मैत्री असलेल्या मांजरावर त्याचा उपयोग होणार नाही. समुद्रातल्या मासळीत आयोडीन भरपूर असतं. अशा मांजराला औषधाच्या गोळ्याच बऱ्या.

घरी शिजवायचं असेल तर

ही इच्छा मला समजते. पिशवी महाग आहे, आत काय आहे दिसत नाही, आणि आपल्या हातचं खाऊ घालण्यात एक समाधान असतं. पण मांजराचं खाणं घरी बरोबर बसवणं फार अवघड आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या ११४ पाककृती तपासल्या. त्याही निरोगी मांजरांसाठीच्या. एकीतही सगळी आवश्यक द्रव्यं पुरेशी नव्हती. आजारी मांजराचं गणित त्याहून अवघड.

टॉरिन या एका द्रव्याचंच पाहा. मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही, मांसातूनच मिळवावं लागतं. १९८७ साली डेव्हिसमध्येच पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की मांजरांची हृदयं मोठी आणि थकलेली होत होती त्यामागे टॉरिनची कमतरता होती. तोवर बाजारातलं नावाजलेलं खाणंही यात कमी पडत होतं. चिकन उकळलं की टॉरिन पाण्यात उतरतं, आणि ते पाणी आपण फेकतो. हाडं काढलेल्या चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, म्हणजे मूत्रपिंडाच्या रुग्णाला नेमकं उलटं. काही कच्च्या मासळीत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. सुकट-जवळ्यात मीठ असतं. रोज कलेजी दिली तर ‘अ’ जीवनसत्त्व जास्त होऊन मानेची हाडं जखडतात. तरीही घरीच करायचं असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून त्या मांजराच्या रिपोर्टवरून पाककृती लिहून घ्या, आणि तिच्यातल्या पावडरी महाग आहेत म्हणून वगळू नका.

पिशवी, पैसे आणि शेजारी

पिशवी आणताना पाहायच्या काही गोष्टी. दुकानात मोठी पिशवी फोडून सुटं खाणं विकतात. ते पथ्यासाठी घेऊ नका, त्यावर ना तारीख असते ना खात्री की आत तेच आहे. दुकानातल्या रांगेत ‘युरिनरी केअर’ असं छापलेली साधी खाणीही असतात. ती आणि डॉक्टरांनी दिलेलं खाणं एक नव्हे. रंग, नाव जुळतंय म्हणून घेऊ नका, डॉक्टरांनी लिहून दिलेलं पूर्ण नाव अक्षर न अक्षर जुळवा.

पावसाळ्यात कोरडं खाणं लवकर सादळतं, त्यातली चरबी खवट होते आणि मांजराला तो बदल आपल्या आधी कळतो. पिशवीतून काढून डब्यात ओतण्यापेक्षा पिशवीच घडी घालून हवाबंद डब्यात ठेवा. उघडलेलं ओलं खाणं उन्हाळ्यात तासाभराहून जास्त बाहेर राहू देऊ नका. मुंग्यांसाठी बशी पाण्याच्या ताटात ठेवली की पुरतं, खडूची रेघ नको.

खर्चाचा हिशेब आधी केला तर धसका कमी होतो. घरात बसणाऱ्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे किलोकॅलरी लागतात. कोरड्या रीनल खाण्याचे सुमारे पन्नास ग्रॅम. म्हणजे दोन किलोची पिशवी चाळीसेक दिवस पुरते. अंदाजाने मूठभर टाकण्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. सुरुवातीला मात्र सगळ्यांत छोटी पिशवीच घ्या, मांजर खातं की नाही हे कळेपर्यंत.

घरात दुसरं मांजर असेल तर वाडगा दिवसभर भरून ठेवण्याची सवय मोडावी लागते. दोन वेळा, दोन खोल्यांत, दार लावून, अर्धा तास. सोसायटीत फिरणाऱ्या मांजराच्या बाबतीत वॉचमन, खालच्या मजल्यावरच्या काकू आणि शाळेतून येणारी मुलं या सगळ्यांना सांगावं लागतं. सांगण्याने कोणी रागावत नाही. मांजर आजारी आहे आणि एवढंच खायचं आहे, हे कळलं की तीच माणसं पहारा ठेवतात.

खाणं पूर्ण बदलल्यावर चार आठवड्यांनी रक्त-लघवी पुन्हा तपासा. पुढे मांजर स्थिर असेल तर तीन-चार महिन्यांनी. जाताना वजनाची वही, रोज किती ग्रॅम खाल्लं त्याची नोंद आणि पथ्याशिवाय दिलेल्या प्रत्येक तुकड्याची खरी यादी न्या. डॉक्टर त्यावरूनच पुढचं ठरवतात. फॉस्फरस उतरला नसेल तर तो आतड्यातच बांधून ठेवणारं औषध देतात, आणि ते खाण्यातच मिसळून द्यायचं असतं, रिकाम्या पोटी त्याचा उपयोग नाही. कॅल्शियम वाढलं असेल तर खाणंच बदलतात. शेवटच्या पायरीवरचं मांजर पथ्य नाकारून फक्त साधं चिकन खात असेल तर नळीने भरवायचं का, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. ते नको असेल तर चिकन द्या, मळमळीचं औषध आणि फॉस्फरसचं औषध चालू ठेवून.